अरब देशांची लढाऊ विमानं नेमकं कोण चालू ठेवतं?

इंजिनफिटर

९ सप्टेंबर २०२५ ला इस्रायलने दोह्यावर हल्ला केला. त्या आठवड्यात आमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एकच प्रश्न फिरत होता: कतारने एवढी विमानं घेऊन ठेवली, ती कामाला का आली नाहीत? उत्तरंही लगेच आली. बहुतेकांनी अरबांना नावं ठेवली आणि विषय मिटवला. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

मी हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर होतो, सगळी वर्षं मिग-२१ वर. नंतर आठ वर्षं आखातात नागरी विमानांच्या हँगरमध्ये काढली. रणनीती मला कळते असा माझा दावा नाही. विमान जमिनीवरून उठतं कशामुळे, एवढं मात्र कळतं.

आधी कतारचंच पाहू. दहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे लढाऊ म्हणावीत अशी १२ मिराज विमानं होती. २०१५ ते २०१८ या काळात त्यांनी फ्रान्सकडून ३६ राफेल, अमेरिकेकडून ३६ एफ-१५ आणि ब्रिटनकडून २४ टायफून घ्यायचे करार केले. म्हणजे १२ वरून एकदम ९६ नवी विमानं, आणि तीही तीन देशांची. मूळ कतारी नागरिक आहेत तीन-साडेतीन लाख, नाशिक शहरापेक्षा कितीतरी कमी. त्यातून वैमानिक काढायचे, रडारवाले काढायचे, शस्त्रं चढवणारे काढायचे आणि फिटरही काढायचे.

तीन जातींची विमानं म्हणजे तीन प्रकारची मॅन्युअलं, तीन प्रकारची हत्यारं, चाचणीची तीन वेगळी यंत्रं आणि तीन देशांतून येणारे सुटे भाग. राफेलवर तयार झालेला माणूस उद्या एफ-१५ वर उभा करता येत नाही. आम्हाला एकाच जातीच्या विमानावर हात बसायला चार-पाच वर्षं लागायची.

देखभालीच्या तीन पायऱ्या असतात, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. फर्स्ट लाइन म्हणजे रोजची तपासणी, तेल, हवा, टायर, उड्डाणाआधीची आणि नंतरची नजर. सेकंड लाइन म्हणजे हँगरमध्ये घेऊन भाग काढणं-बसवणं. मिग-२१ चं इंजिन काढायचं तर मागचं अख्खं धड सोडवून मागे ओढावं लागतं. आणि थर्ड लाइन म्हणजे ओव्हरहॉल: इंजिन सुटं सुटं करून प्रत्येक पात्याला भेगा आहेत का ते बघणं आणि पुन्हा नव्यासारखं जुळवणं. आमची इंजिनं त्यासाठी ओडिशात कोरापूटला जायची, विमानाचा सांगाडा इथे नाशिकजवळ ओझरला यायचा.

आखातातल्या बहुतेक देशांकडे पहिली पायरी थोडीफार स्वतःची आहे. दुसरीवर परदेशी कंत्राटी माणसं जास्त, आणि तिसरीची सूत्रं बहुतांशी विकणाऱ्याच्या हातात. त्यात वाळू. कॉम्प्रेसरची पाती वाळूने घासून बोथट होतात, म्हणजे इंजिन ठरल्यापेक्षा आधी उतरवावं लागतं. गरज सगळ्यात जास्त असते ती नेमकी जी पायरी हातात नाही तिची.

सौदी अरेबियाचं उदाहरण सगळ्यात मोठं. १९८५ चा ब्रिटनबरोबरचा 'अल-यमामा' करार टोर्नेडो विमानांचा म्हणून ओळखला जातो, पण त्यात तळ, प्रशिक्षण आणि देखभालही होती. किंमत कच्च्या तेलात फेडली जायची, एका टप्प्यावर दिवसाला सहा लाख पिंपांपर्यंत. तेव्हापासून ब्रिटिश कंपनीची हजारो माणसं तिथल्या तळांवर आहेत. २०१५ मध्ये सौदीने येमेनमधल्या युद्धात हवाई हल्ले सुरू केले. वर्षभराने ब्रूस रीडेल या सीआयएच्या माजी अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं की अमेरिका आणि ब्रिटनने आज रात्री राजे सलमान यांना युद्ध थांबवा म्हटलं तर ते उद्या थांबेल, कारण त्यांच्या मदतीशिवाय सौदी हवाई दल चालूच शकत नाही.

विमान उडायला तयार आहे अशी सही फॉर्म ७०० वर कोण करतं, यावर ते हवाई दल कुणाचं ते ठरतं, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_राव

काका, माहिती चांगली आहे, पण तुम्ही फार सौम्य लिहिलंत. इस्रायलशी झालेली युद्धं बघा: १९४८, १९५६, १९६७. शेवटच्यात तर सहा दिवसांत तीन देश आडवे. हत्यारं रशियाने भरभरून दिली होती, देखभालीला रशियन माणसंही होती. लढणं त्यांच्या रक्तातच नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?

नीलतीर

हरकत आहे, आणि ती पुराव्याची आहे.

राव, तुम्ही १९६७ वर थांबलात. पुढची सहा वर्षंही वाचा. ६ ऑक्टोबर १९७३ च्या दुपारी इजिप्तच्या सैन्याने सुवेझ कालवा ओलांडला. पलीकडच्या काठावर इस्रायलने सुमारे २० मीटर उंचीचा वाळूचा बांध रचला होता. तो फोडायला सुरुंग आणि तोफा लावल्या तर जवळजवळ अख्खा दिवस जाईल असा हिशेब होता, आणि तेवढ्यात इस्रायली रणगाडे येऊन पोचले असते. बाकी झाकी युसुफ नावाचा एक तरुण इंजिनिअर अधिकारी आधी आस्वानच्या धरणावर काम करून आला होता. तिथे वाळू पाण्याच्या झोताने हलवत असत. त्याने सुचवलं, इथेही पाणीच मारू. कालव्यातलंच पाणी उपसून पंपांनी बांधावर मारलं आणि काही तासांत रणगाडे जातील अशा खिंडी पडल्या. पंप ब्रिटन आणि जर्मनीचे होते. कल्पना मात्र त्यांची स्वतःची होती, आणि तिचा वर्षानुवर्षं सराव झाला होता.

त्याच सैनिकांनी खांद्यावरून नेता येणाऱ्या रशियन क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांचे प्रतिहल्ले परतवले. १९६७ नंतर इजिप्तने विद्यापीठातून शिकलेली मुलं मोठ्या प्रमाणावर भरती केली होती, त्याचा हा परिणाम. रक्त सहा वर्षांत बदलत नाही. भरती, सराव आणि नेतृत्व बदलता येतं.

आणि १९६७ ला नेतृत्व कुणाचं होतं? अब्देल हकीम आमेर, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासेर यांचे जिवलग मित्र. १९५३ मध्ये त्यांना मेजरवरून एका उडीत मेजर जनरल केलं गेलं, कारण सैन्य विश्वासातल्या माणसाच्या हाती हवं होतं. ५ जून १९६७ च्या सकाळी इस्रायली विमानं आली तेव्हा हे सेनापती स्वतः विमानातून सिनायकडे निघाले होते, आणि त्यांच्या विमानाला धोका नको म्हणून विमानविरोधी तोफांना गोळीबार न करण्याचा हुकूम होता. त्या एका दिवसात इजिप्तची ३०० च्या आसपास विमानं गेली, बहुतेक जमिनीवरच.

माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. ज्या राजवटीला बाहेरच्या शत्रूपेक्षा स्वतःच्या सैन्याची भीती जास्त, ती सैन्य मुद्दाम दुभंगून ठेवते. इराकमध्ये सद्दामचं रिपब्लिकन गार्ड वेगळं. सौदीमध्ये नॅशनल गार्ड नियमित सैन्यापासून वेगळं, आणि त्याला १९७५ पासून प्रशिक्षण देणारी कंपनी अमेरिकी. दोन फौजांनी एकमेकींवर लक्ष ठेवायचं. अशा ठिकाणी हुशार, स्वतःच्या डोक्याने निर्णय घेणारा कर्नल हा सत्तेला धोका वाटतो.

रोखठोक_राव

पंपांची गोष्ट माहीत नव्हती. पण शेवटी १९७३ लाही मागेच हटले ना?

नीलतीर

हटले, आणि त्याचंही कारण नोंदलेलं आहे. कालव्याच्या काठावर त्यांच्या डोक्यावर रशियन क्षेपणास्त्रांची छत्री होती. सीरियावरचा दबाव कमी करण्यासाठी वरून हुकूम आला आणि १४ ऑक्टोबरला रणगाडे छत्री सोडून पुढे गेले. एका दिवसात अडीचशेच्या आसपास रणगाडे गमावले. प्रत्यक्ष सेनानींचा विरोध होता, हुकूम राजकीय होता. पाठ केलेली योजना संपली की जागेवर निर्णय घेणारे मधले अधिकारी कमी पडले, हे मात्र खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

मुलुंडची_मीरा

वाचते आहे. नीलतीरताई, काका, लिहीत राहा.

इंजिनफिटर

नीलतीरताईंनी मधल्या अधिकाऱ्यांचं लिहिलं, मी त्याच्या खालच्या पायरीचं लिहितो. आपल्याकडे वॉरंट ऑफिसर आणि सार्जंट ही माणसं हँगर चालवतात. मी कॉर्पोरल असताना एकदा एका विंग कमांडर साहेबांना घाई होती. आमच्या वॉरंट ऑफिसरनी 'साहेब, लॉकवायर (नट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली तार) तपासल्याशिवाय विमान जाणार नाही' असं तोंडावर सांगितलं, आणि विमान थांबलं. पंचवीस वर्षं त्याच कामात मुरलेल्या माणसाला तेवढा मान असतो. आखातातल्या सैन्यांमध्ये हा थर पातळ आहे, कारण हाताला ग्रीस लागणाऱ्या कामाला तिथे मान नाही आणि मोठा पगारही नाही.

मी होतो तिथे दर वर्षी स्थानिक मुलांची तुकडी प्रशिक्षणाला यायची. मुलं हुशार होती, हे मी शपथेवर सांगेन. पण दोन वर्षांत त्यांची बदली टेबलावर व्हायची, कारण घरच्यांना आणि वरच्यांना तेच शोभत होतं. त्यातला एक मुलगा बोअरस्कोपने इंजिनाच्या आतली भेग ओळखण्यात माझ्याइतका तयार झाला होता. त्याला खरेदी विभागात नेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुसरीकडे आम्हा बाहेरच्यांचाही दोष होता. काही परदेशी कामगार मॅन्युअलची पानं कुलपात ठेवायचे, कारण शिकवून टाकलं तर आपलं कंत्राट संपेल ही भीती. विकणारी कंपनी, कंत्राटी कामगार, स्थानिक अधिकारी, सगळ्यांचं त्यात सोयीचं होतं. त्या मुलाला कुणी विचारलं नाही.

मस्कतवासी

मी ओमानमध्ये बावीस वर्षं आहे. काकांचं बरंचसं खरं आहे, पण सगळे अरब एका मापाने मोजू नका. अमिरातीचा विचार वेगळा करावा लागतो. २०१५ मध्ये त्यांनी येमेनमधल्या एडनला समुद्रमार्गे फौज उतरवली आणि शहर सोडवलं. अमेरिकी सेनानी मॅटिस त्यांना कौतुकाने 'छोटा स्पार्टा' म्हणायचे. एफ-१६ ची जी आवृत्ती त्यांनी घेतली ती घडवण्यासाठी जवळजवळ तीन अब्ज डॉलर त्यांनीच घातले होते. २०१४ पासून तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे.

पण तिथेही मर्यादा दिसली. ४ सप्टेंबर २०१५ ला येमेनमधल्याच मारिबमध्ये एका क्षेपणास्त्राने त्यांचे ४५ सैनिक एकदम गेले. एवढ्याशा देशात प्रत्येक घराला कुणीतरी ओळखीचं गेलं. पुढे येमेनमध्ये त्यांच्या बाजूने कोलंबियाचे भाडोत्री सैनिक होते, आणि त्यांच्या प्रेसिडेन्शियल गार्डचा प्रमुख बरीच वर्षं माइक हिंडमार्श हा निवृत्त ऑस्ट्रेलियन जनरल होता.

१७ जानेवारी २०२२ ला अबुधाबीच्या मुसफ्फामध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांचा हल्ला झाला त्यात तीन माणसं मेली: दोन भारतीय, एक पाकिस्तानी. अमेरिकी थाड या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने खऱ्या युद्धात पहिल्यांदा क्षेपणास्त्र पाडलं तेही त्याच दिवशी आणि तिथेच. एवढी महागडी छत्री असूनही टँकरपाशी काम करणारे आपले लोक गेले. आम्ही इथे राहणारे हा विषय म्हणूनच दुरून बघू शकत नाही.

मुलुंडची_मीरा

माझे बाबा ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतमध्ये होते. २ तारखेला इराकी रणगाडे आले आणि दुपारपर्यंत शहर गेलं, असं सांगायचे. अम्मानपर्यंत बसने आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. मला एक विचारायचं आहे: विकणाऱ्या देशाकडे विमान बंद पाडायचं एखादं गुप्त बटण असतं का? सगळीकडे हेच वाचायला मिळतं.

इंजिनफिटर

मीराताई, बटणाची गरजच पडत नाही. सुटे भाग थांबवले की काही आठवड्यांत एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायची वेळ येते. मग दहातली सहा उडतात, मग चार.

इराकचं पाहा. २००३ नंतर अमेरिकेने त्यांना ३६ एफ-१६ दिली, तळ बलदला. देखभालीला कंपनीची माणसं. मे २०२१ मध्ये तळावर रॉकेट पडू लागली म्हणून कंपनीने ती माणसं काढून घेतली आणि विमानं हळूहळू जमिनीला टेकली. बंदी नाही, भांडण नाही, फक्त फिटर घरी गेले.

दुसरा मार्ग दारूगोळ्याचा. इजिप्तकडे दोनशेहून जास्त एफ-१६ आली, पण लांबून मारा करणारं अम्राम क्षेपणास्त्र अमेरिकेने त्यांना दिलं नाही. पुढे इजिप्तने फ्रान्सची राफेल घेतली, तर तिच्या स्काल्प क्षेपणास्त्रात एक अमेरिकी भाग निघाला आणि २०१८ मध्ये त्यावरून अडलं. टायफूनमध्ये जर्मन भाग बरेच आहेत, त्यामुळे सौदीला आणखी विमानं द्यायला ब्रिटन तयार असूनही २०१८ पासून जर्मनी अडून बसली होती. जानेवारी २०२४ मध्ये ती अट सोडली.

रोखठोक_राव

मग इराणने कसं जमवलं? अमेरिकी एफ-१४ अजून उडवतात म्हणे. तेही अरबच.

नीलतीर

इराणी अरब नव्हेत. भाषा फारसी, इतिहास वेगळा. पण उदाहरण या धाग्यात बसतं. इराणच्या त्या वेळच्या राजाला, शहांना, ७९ एफ-१४ मिळाली होती. १९७९ च्या क्रांतीनंतर अमेरिकी तंत्रज्ञ निघून गेले, सुटे भाग बंद झाले, आणि दीड वर्षाने इराकने युद्ध लादलं. इराणी तंत्रज्ञांनी विमानं उघडून, भाग घडवून, चोरट्या बाजारातून मिळवून काही तरी उडती ठेवली, तीही चार दशकं. आखाती राजवटींना तशी वेळच आली नाही. पैसे होते, कंपनीचा माणूस फोनवर हजर होता.

इराकबद्दल एक जोड. २०१४ मध्ये मोसुल शहर इसिसच्या हाती पडलं तेव्हा सैन्य कागदावर भलंमोठं होतं. त्याच वर्षी पंतप्रधान अबादी यांनी सांगितलं की ५०,००० सैनिक फक्त पगारपत्रकावर आहेत. तेच मोसुल जुलै २०१७ मध्ये परत घेतलं ते मुख्यतः इराकी दहशतवादविरोधी दलाच्या जोरावर, घराघरांतून लढत, प्रचंड माणसं गमावून. देश एक, लोक तेच. त्या दलात निवड आणि प्रशिक्षण नीट होतं.

बंगळुरूचा_बापट

काका, तुम्ही कोरापूट आणि ओझर म्हणालात म्हणून एक गोष्ट लिहितो. १९७६ मध्ये इजिप्तचं सोव्हिएत संघाशी फाटलं आणि त्यांच्या मिगना सुटे भाग मिळेनात. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी भारताला विचारलं, कारण मिगची इंजिनं आपण परवान्याखाली बनवत होतो. परवान्यात मॉस्कोची परवानगी लागत होती, मॉस्कोने ती दिली नाही आणि आपल्याला नाही म्हणावं लागलं. सादात यांनी हे जाहीर भाषणात सांगितलं. शेवटी चीनने त्यांना इंजिनं आणि भाग दिले. म्हणजे कारखाना आपला, कामगार आपले, तरी पाना दुसऱ्याच्या ताब्यात.

त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त लागते. साठच्या दशकात नासेर यांनी कैरोजवळ हेलवानला स्वतःचं स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) लढाऊ विमान बनवायला घेतलं, एचए-३००. आराखडा जर्मन विमानरचनाकार विली मेसरश्मिट यांचा, इंजिन ई-३०० ऑस्ट्रियन फर्डिनांड ब्रँडनर यांचं. आपल्याकडे तेव्हा जर्मन अभियंते कुर्ट टँक मरुत हे लढाऊ विमान घडवत होते आणि मरुतला जोरकस इंजिन मिळत नव्हतं. म्हणून ठरलं की इंजिन त्यांचं आणि आपण भागीदार. ७ मार्च १९६४ ला एचए-३०० चं पहिलं उड्डाण केलं ते भारतीय हवाई दलाचे चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी. एक मरुत हेलवानला नेऊन त्यावर ई-३०० ची चाचणीही झाली. १९६७ च्या पराभवाने इजिप्तची तिजोरी रिकामी झाली आणि १९६९ मध्ये प्रकल्प बंद. त्यांचं विमान गेलं आणि आपल्या मरुतचं इंजिनही.

१९७५ मध्ये इजिप्त, सौदी, अमिराती आणि कतार यांनी एक अब्ज डॉलरहून जास्त भांडवल घालून अरब औद्योगिक संघटना काढली. इजिप्तची माणसं, आखाताचा पैसा. १९७९ मध्ये इजिप्तने इस्रायलशी तह केला आणि बाकीचे तिघं बाहेर पडले. पैसा आणि कारागीर एकत्र आले होते, ते राजकारणाने चार वर्षांत वेगळे केले.

इंजिनफिटर

बापट, हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं ज्या इंजिनांवर हात ठेवला, त्यांची गोष्ट आज कळली.

तुमच्या लिखाणावरून आठवलं. इस्रायलची मोठी विमान कंपनी १९५३ मध्ये सुरू झाली ती 'बेदेक' नावाची दुरुस्तीची कार्यशाळा म्हणून. आपलं हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरूला उभं केलं, आणि महायुद्धात तिथे मुख्य काम झालं ते अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचं. दोन्हीकडे आधी पाना आला, मग आराखडा. सौदीने २०१६ मध्ये जाहीर केलं की लष्करी खर्चातला जेमतेम २ टक्के देशात होतो, तो २०३० पर्यंत ५० टक्के करायचा. मला विचाराल तर टक्के कारखान्यांत मोजण्याआधी ओव्हरहॉलच्या शेडमध्ये मोजावेत.

मस्कतवासी

आणि आपलं काय? आपणही जगातल्या सगळ्यात मोठ्या आयातदारांपैकी आहोत.

इंजिनफिटर

आहोतच. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस या आपल्या लढाऊ विमानाच्या नव्या आवृत्तीतलं ओझरला बनलेलं पहिलं विमान उडालं तेव्हा आनंद झाला, पण त्यातलं इंजिन अमेरिकी आहे आणि त्याच्याच उशिरामुळे विमानं रखडली. फरक एवढाच की तिसरी पायरी आपण मिग आणि सुखोईसाठी तरी स्वतः चढलो. तीही पूर्ण नाही, बापटांनी १९७६ चं सांगितलंच.

रोखठोक_राव

रक्ताचं जे लिहिलं ते मागे घेतो. बापट, ते एचए-३०० आता कुठे आहे?

म्युनिकहून_माधव

ते मी सांगतो. म्युनिकबाहेर श्लाइसहाइमला जर्मन म्युझियमचा विमान विभाग आहे, तिथे. मी इथे राहून दोनदा त्याच्या बाजूने गेलो होतो आणि ते कुणाचं, काय, हे वाचलंही नव्हतं. हा धागा वाचून काल मुलीला घेऊन पुन्हा गेलो. लहानसं आहे, त्रिकोणी पंखांचं, मिग-२१ च्या जवळ उभं केलं तर भाऊ वाटावं असं. मुलीने विचारलं हे पहिल्यांदा कुणी उडवलं, तर मी भार्गवांचं नाव सांगितलं. बापट, हेलवानच्या त्या भारतीय तुकडीबद्दल तुमच्याकडे आणखी काही असेल तर वेगळा धागा काढा.